विम्यासाठी लावलेली आग आणि तिची कादंबरी: नव्यानं लिहिणाऱ्यांसाठी

जिनिंगला, म्हणजे कापसातून सरकी काढून रुईच्या गाठी बांधणाऱ्या कारखान्याला, आग लागल्याची बातमी मराठवाड्यात जवळजवळ दर हंगामात वाचायला मिळते. चार ओळींची असते. इतक्या गाठी जळाल्या, इतक्या लाखांचं नुकसान झालं, शेजारच्या तालुक्यातून बंब आले, शॉर्टसर्किटमुळे आग लागल्याचा अंदाज आहे. बहुतेक वेळा तो अपघातच असतो. कापसात आलेला एखादा खडा किंवा खिळा जिनात अडकला तर तेवढी ठिणगी पुरते. पण एखादी आग अपघाताची नसते, आणि तिच्यावर कादंबरी लिहावी असं आपल्याकडच्या अनेक नव्या लेखकांना वाटतं. त्यांच्यातही जे संवादांवर चालणारी, वर्णन कमी आणि बोलणं जास्त अशी गुन्हेकादंबरी लिहू पाहतात, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

माझं सांगणं एकच आहे. या कादंबरीत आग एका पानाची असते. उरलेली सगळी पानं माणसं पैशाबद्दल बोलत असतात, तेही पैशाचं नाव न घेता, आणि त्यांच्या प्रत्येक वाक्याखाली एक आकडा असतो. तो आकडा वाचकाला उशिरा कळला तरी चालेल. लेखकाला मात्र पहिल्या दिवसापासून माहीत पाहिजे.

पहिली पायरी: आधी वही, मग कादंबरी

एक कोरी वही घ्या आणि मालकाचा धंदा मांडा. माझा सल्ला कापसाचा, कारण मानवत, सेलू, माजलगाव, जालना या पट्ट्यातल्या माणसाला तो हिशोब कानावरून गेलेला असतो. लातूर-उदगीरकडचे असाल तर डाळमिल घ्या. पण ज्या धंद्याचा वजनकाटा आणि पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशोबाचा कागद, तुम्ही जवळून पाहिलेली नाही, त्याच्या वाटेला जाऊ नका.

एका गाठीत १७० किलो रुई. क्विंटलभर कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते, ६४ किलोच्या आसपास सरकी, बाकी घट. म्हणजे ६०० गाठी बांधायच्या तर १,०२० क्विंटल रुई लागते आणि तिच्यासाठी ३,००० क्विंटल कापूस. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव ७,५२१ रुपये होता. त्या भावानं हा कापूस सव्वादोन कोटींच्या वर गेला.

आता गोष्ट अशी ठरवा. मालकानं बँकेला दिलेल्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये, म्हणजे शिल्लक मालाच्या यादीत, ६०० गाठी आहेत, गोडाऊनमध्ये आहेत २००. मधल्या ४०० कधी बांधल्याच नाहीत. सीसी लिमिट, म्हणजे मालाच्या तारणावर मिळणाऱ्या कर्जाची मर्यादा, टिकवायची म्हणून महिन्यामागून महिना त्या कागदावर वाढत गेल्या. मार्चअखेर बँकेचा माणूस गाठी मोजायला येणार आहे.

कादंबरी इथं सुरू झाली. आगीला अजून वेळ आहे.

नव्या लेखकाच्या हस्तलिखितात विम्याचे पैसे बॅगेतून घरी येतात आणि मालक नोटा मोजत बसतो. तसं होत नाही. तारण ठेवलेल्या मालाच्या पॉलिसीत बँकेचा हक्क नोंदलेला असतो. क्लेम मंजूर झाला की पैसा आधी कर्जखात्यात जातो. मालकाच्या हाताला नोटा लागत नाहीत, त्याच्या मानेवरचं ओझं उतरतं आणि कधीच नसलेल्या ४०० गाठींना राख म्हणून का होईना अस्तित्व मिळतं. त्याला हवं आहे ते हेच. ही गोष्ट एकदा नीट समजली की मालकाची भाषा आपोआप बदलते. तो हावऱ्या माणसासारखा बोलत नाही, तारीख जवळ आलेल्या माणसासारखा बोलतो.

विम्याचंही एक गणित वहीत असू द्या. माल दोन कोटींचा आणि विमा एका कोटीचा असेल, तर कंपनी नुकसानही त्याच प्रमाणात भरते, म्हणजे निम्मं. म्हणून कट करणारा मालक आगीच्या आधी विम्याची रक्कम वाढवून घेणार. त्यानं ती वाढवली हा वाचकासाठी धागा आहे, पण मालकापाशी त्याचं सरळ उत्तर असलंच पाहिजे: हंगामात माल वाढला, रक्कम वाढवली, त्यात काय? ज्या पुराव्याला दुसरं सरळ उत्तर नाही तो पुरावा कादंबरीत फार लवकर संपतो.

आणि शेवटचा रकाना. कापूस घालून पैसे न मिळालेले शेतकरी. मोंढ्यापेक्षा, म्हणजे बाजार समितीतल्या बाजारापेक्षा, क्विंटलमागं थोडा जास्त भाव मिळतोय म्हणून त्यांनी महिन्याच्या बोलीवर माल दिला. हातात आहे ती काट्याची पावती. जळिताच्या दुसऱ्या दिवशी मालक त्यांना म्हणू शकतो, "माझंच सगळं जळालं, तुम्हाला कुठून देऊ?" या गुन्ह्याची खरी किंमत मोजणारी माणसं ती आहेत. त्यांची नावं, गावं आणि बाकीचे आकडे वहीत लिहून ठेवा.

अशा प्रकरणांचे कागद कसे दिसतात हे बघायचं असेल तर ग्राहक आयोगांचे निकाल ऑनलाइन फुकट वाचायला मिळतात. क्लेम नाकारल्याची कारणं, सर्वेअरनं (विम्यासाठी नुकसान मोजणाऱ्यानं) काय मोजलं, मालकाचा वकील काय म्हणाला, सगळं त्यांत असतं. दहा निकाल वाचा. फक्त गाव, जिनिंग आणि माणसं आपली स्वतःची बनवा. सेलू आणि मानवतच्या मध्ये एक नसलेलं गाव बसवायला काही अडचण नाही.

दुसरी पायरी: साल पक्कं करा

साल बदललं की कायदा, पॉलिसी आणि रस्ता, तिन्ही बदलतं. १ जुलै २०२४ च्या आधीचा गुन्हा असेल तर भारतीय दंड संहिता: इमारत जाळण्याला ४३६, फसवणुकीला ४२०, कटाला १२०-ब. त्यानंतरचा असेल तर भारतीय न्याय संहिता: आग लावणं कलम ३२६ मध्ये, फसवणूक ३१८ मध्ये, कट ६१ मध्ये. तुमचा जुना हवालदार बोलताना "चारशे वीस" म्हणू शकतो, कागदावर लिहिताना नाही. १ एप्रिल २०२१ पासून, एका ठिकाणची विमा काढण्याजोगी मालमत्ता पाच कोटींपर्यंत असलेल्या धंद्यांसाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही पॉलिसी आली. ई-वे बिल, म्हणजे मालवाहतुकीची ऑनलाइन पावती, २०१८ पासून आहे, आणि फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा झाला, तेव्हा त्यानंतरच्या कादंबरीत टोलनाका ओलांडणारा ट्रक मागं तारीख आणि वेळ ठेवून जातो.

साल नुसतं तपशिलासाठी नसतं, ते माणसांना बोलायला विषय देतं. २०१६ चा उन्हाळा आणि लातूर घ्या. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातुरात पोचली. त्याआधी पाणी भरण्याच्या ठिकाणांवर जमावबंदी लावायची वेळ आली होती. त्या दिवसांत एका गोडाऊनला आग लागली आहे, बंब पाणी मारतो आहे आणि रस्त्यावर उभी असलेली माणसं त्या पाण्याकडं बघत आहेत. तिथं कोण काय बोलेल? आगीबद्दल फारसं कुणीच बोलणार नाही. मला या प्रसंगावर कुणीतरी लिहावं असं फार वाटतं.

तिसरी पायरी: बोलणारी माणसं मोजकी ठेवा

सहा पुरेत. मालक, मुनीम, वायरमन, वॉचमन, सर्वेअर आणि ठाण्यातला फौजदार. मालकाची बायको सातवी, पण तिला घेतलं तर तिच्यापाशी एखादा आकडा असू द्या, नुसतं रडायला आणू नका. प्रत्येकासमोर वहीत दोन गोष्टी लिहा: त्याला काय माहीत आहे, आणि त्यातलं काय तो कुणापुढं बोलणार नाही. मुनिमाला ६०० आणि २०० हे दोन्ही आकडे माहीत आहेत. वायरमनला एकही नाही. वॉचमनला गाठी मोजता येतात, पण त्याला कुणी विचारलेलं नाही.

खलनायक जातीवरून किंवा धर्मावरून ठरवू नका. आपल्याकडच्या बाजारपेठेत सगळ्या समाजांची माणसं आहेत आणि कर्जात बुडालेला माणूस कुठल्याही घरातला असू शकतो. अमुक समाजाचा व्यापारी म्हणजे लबाड, हे गृहीत धरून लिहिलेली कादंबरी मी पुढं वाचत नाही.

चौथी पायरी: सुपारीचा प्रसंग, ज्यात सुपारी नाही

सगळ्यात जास्त वेळ इथं घालवा. कादंबरी उभी राहते ती याच प्रसंगावर, आणि बहुतेकांची इथंच कोसळते. कोसळते कारण मालक म्हणतो, "गोडाऊनला आग लाव, दोन लाख देतो." असं कोणी बोलत नाही. जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं धरून सौदा होतो. भोवती पन्नास माणसं उभी असतात, सगळ्यांना दिसतं की सौदा चाललाय, पण आकडा कुणाच्या कानावर पडत नाही. हा प्रसंग तसा लिहायचा.

मी एक नमुना देतो. रात्रीची वेळ, जिनिंगचं ऑफिस. मालक आणि वायरमन बाळू.

"वायरिंग किती सालची रे ही?"

"मोठ्या मालकाच्या टायमाची. म्या तवाच म्हनलं होतं, बदलून घ्या."

"म्हनलं होतंस."

"लेखी नव्हतं दिलं."

"मग दे की आता. दिवाळीच्या आधीची तारीख टाक."

"मागली तारीख?"

"तू म्हनलं होतंस ना?"

"हाव. म्हनलं तं होतं."

"मग खोटं काय त्याच्यात?"

बाळूनं कप खाली ठेवला.

"पोरीचं कधी काढलंय?"

"आखितीला. बघायलोत अजून."

"मार्चाच्या आत बघ. एप्रिलात आपल्यापाशी काय राहतंय, काय नाही."

"मार्चात इतक्या लवकर पैशाचं कसं जमायचं मालक?"

"तू पत्र लिही आधी."

आता हा प्रसंग उलगडून बघू. आग हा शब्द नाही. पैसे देतो असं मालक म्हणालेला नाही. पैशाचं नाव बाळूनं काढलं, म्हणजे उद्या मालक म्हणू शकतो की यानंच मागितले. मागच्या तारखेचं पत्र मालकाला दोन कामांना येतं: वायरिंग जुनी होती याचा पुरावा, आणि बाळूची सही. बाळूला वाटतं आपण एका खऱ्या गोष्टीचा कागद करून देतोय. "मग खोटं काय त्याच्यात?" या वाक्यावर तो सापडला. एखादं खरं वाक्य खोट्या तारखेला लिहून घ्यायचं, इतकाच हा गुन्हा या घटकेला आहे, आणि पुढच्या प्रत्येक प्रसंगात तो थोडा थोडा वाढत जाईल.

असा प्रसंग लिहायची रीत सांगतो. आधी सगळं उघड बोलणारा मसुदा लिहून काढा. मालक आग लाव म्हणतो, बाळू किती देता विचारतो, मालक आकडा सांगतो. मग ते पान बाजूला ठेवून तोच प्रसंग पुन्हा लिहा, आणि या वेळी उघड मसुद्यातलं एकही नाम वापरू नका. आग, विमा, पैसा, गोडाऊन, बँक, सगळं वर्ज्य. सूट एकच: वरच्यासारखं पैशाचं नाव बाळूच्या तोंडी एकदा येऊ शकतं. माणसं मग वायरिंग, लग्न, महिना, पत्र यांच्यावर येतात. दुसऱ्या मसुद्यातून एखाद्या तिऱ्हाईत वाचकाला काय समजलं ते विचारा. त्याला काहीतरी शिजतंय इतकं कळलं आणि नेमकं काय ते सांगता आलं नाही, तर प्रसंग जमला.

संवादाला चिकटवलेले भाव काढून टाका. "तो कुत्सितपणे म्हणाला", "ती हताशपणे उद्गारली" हे सगळं. "म्हणाला" सुद्धा दर ओळीला लागत नाही. दोनच माणसं असतील तर चार-पाच ओळींत एकदा खूण पुरते, आणि ती कृतीची असावी. कप खाली ठेवला, इतकी.

आपल्या भाषेत हत्यार म्हणून आणखी एक गोष्ट तयार आहे: तू आणि तुम्ही. मुनीम वयानं मोठा. मालक लहानपणापासून त्याला "काका, तुम्ही" म्हणत आलाय. शंभर पानं असंच चालू द्या. मग सर्वेअर दारात आलेला असताना मालक दबक्या आवाजात म्हणतो, "काय बोलायचं ते तू ध्यानात ठेव." एका शब्दानं तीस वर्षांचं नातं मोडलं. त्यावर लेखकानं काही म्हणायची गरज नाही, मुनिमानंही नाही.

पाचवी पायरी: आग

एक पान. फार तर दोन. कशी लावली, कशानं लावली याची कृती लिहू नका. ती वाचकाला लागत नाही, ती लिहिल्यानं प्रसंग रंगत नाही, आणि एखाद्याच्या हाताला ती लागली तर आपल्या पुस्तकातून लागली हे मला तरी सहन होणार नाही. जो प्रसंग आपण चौथ्या पायरीवर न बोलता लिहिला, त्याची कृती न दाखवणं हेच त्याला शोभतं.

त्याऐवजी आगीनंतरचे दिवस लिहा. घट्ट दाबलेली गाठ वरून विझली तरी आत धुमसत राहते. दुसऱ्या, तिसऱ्या दिवशी फोडली की पुन्हा लाल होते. म्हणून पंचनामा, सर्वेअरची पहिली भेट, शेतकऱ्यांचं येणं हे सगळं धुरात, ओल्या कापसाच्या वासात होतं. माणसं डोळे पुसत बोलतात, आणि कोण कशानं डोळे पुसतंय ते सांगता येत नाही.

कुणी मरणार आहे का, हे मात्र आधीच ठरवा. गाठींवर झोपलेला हमाल आत राहिला तर पुस्तक दुसरंच होतं. विम्याची गोष्ट मागं पडते आणि प्रत्येक संवादाला त्या माणसाचं नाव चिकटतं. ते तुम्हाला पेलणार असेल तरच तिकडं जा. नुसतं वजन यावं म्हणून एका मजुराला मारू नका.

सहावी पायरी: तोंडचं बोलणं आणि कागदावरचा जबाब

ठाण्यात अशी घटना बहुतेक वेळा आधी आकस्मिक जळीत म्हणून नोंदली जाते. गुन्हा नंतर दाखल होतो, झाला तर. या मधल्या काळात जबाब घेतले जातात, आणि संवाद लिहिणाऱ्याला याच्याइतकी समृद्ध जागा दुसरी मिळणार नाही. कारण इथं एकाच माणसाचं बोलणं दोनदा येतं. वॉचमन बोलतो असं:

"उठलो तं उजेड. म्हनलं दिवस निघाला का काय. तर मागल्या शेडातून धूर. मी वरडलो. कोनी नव्हतं वो. मागल्या दाराचं कुलूप म्या सांजंलाच लावल्तं, आन् ते कडीला लटकायलंय, उघडं."

आणि लिहिलं जातं असं:

"रात्री अंदाजे अडीच वाजेच्या सुमारास मला जाग आली असता गोडाऊनचे मागील बाजूस आग लागल्याचे दिसून आले. मी आरडाओरडा केला. त्यावेळी तेथे इतर कोणीही इसम हजर नव्हता. सदरची आग ही शॉर्टसर्किटमुळे लागली असावी. माझी कोणाविरुद्ध काही एक तक्रार नाही. माझा जबाब मला वाचून दाखविला, तो माझे सांगणेप्रमाणे बरोबर आहे."

कुलूप गेलं. शॉर्टसर्किट आलं. लिहिणारा लबाडच होता असं नाही. दिवसभराचा थकलेला असेल, मालक बाहेर खुर्चीत बसलेला असेल, ठरलेली वाक्यं हातात बसलेली असतील. हे दोन्ही मजकूर समोरासमोर ठेवा आणि मध्ये आपलं एक वाक्यही घालू नका. पुढं ऐंशी पानांनी सर्वेअर वॉचमनला सहज विचारतो, "मागचं दार कोण लावतं?" आणि वाचक जागेवर सरळ होऊन बसतो.

जबाबाची ही भाषा कानात बसवायची असेल तर जिल्हा न्यायालयात जाऊन बसा. सुनावणी एरवी सगळ्यांना खुली असते. उलटतपासणी ऐका. वकील साक्षीदाराला त्याच्याच जबाबातलं वाक्य वाचून दाखवतो आणि साक्षीदार म्हणतो, "मी असं बोललोच नव्हतो, साहेब."

एक कायद्याची गोष्ट इथंच सांगतो, कारण तिच्यावर अनेक हस्तलिखितांचा शेवट अवलंबून असतो. पोलिसांपुढं दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. पूर्वी पुरावा कायद्याचं कलम २५ होतं, आता भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम २३. तेव्हा फौजदारानं दोन थपडा मारल्या, बाळू घडाघडा बोलला आणि पुस्तक संपलं, असं करू नका. बाळू बोलला तरी फौजदाराला बाहेरून काहीतरी शोधावंच लागेल.

सातवी पायरी: सर्वेअर

मला या कादंबरीतला सगळ्यात आवडता माणूस हा. त्याला कुणावर हात उचलता येत नाही, कुणाला अटक करता येत नाही. तो फक्त विचारतो, आणि ऐकतो.

त्याला आगीचा पंडित बनवू नका. काचेला बारीक तडे गेले म्हणजे पेट्रोल टाकलं होतं, लाकडावर मगरीच्या पाठीसारखे खवले उठले म्हणजे आग लावलेली होती, असल्या समजुती तपास करणाऱ्यांत वर्षानुवर्षं चालल्या. अमेरिकेत १९९१ मध्ये ओकलंडच्या टेकड्यांवर मोठा वणवा पेटला, त्यात जळालेली घरं तपासणाऱ्यांना तशाच तडकलेल्या काचा तिथं पेट्रोल नसतानाही सापडल्या. तापलेल्या काचेवर पाणी पडलं की असे तडे जातात. १९९२ पासून तिकडं आगीच्या तपासाची लेखी मार्गदर्शिका आहे आणि या जुन्या खुणांचा भरवसा तिनं मोडून काढला. तुमच्या पात्राला जुनी समजूत असू शकते, पण मग दुसऱ्या पात्रानं ती खोडली पाहिजे.

तांब्याच्या तारेवरच्या मण्याचंही तसंच. तांबं १,०८५ अंशांना वितळतं. शॉर्टसर्किटमध्ये तारेच्या टोकाला गोल मणी तयार होतो. तो मणी इतकंच सांगतो की त्या क्षणी तारेत वीज होती. शॉर्टसर्किटनं आग लागली की आगीनं शॉर्टसर्किट झालं, हे एकट्या मण्यावरून ठरत नाही. बाळूचं पत्र आणि हा मणी एकत्र आले की मालकाची बाजू भक्कम दिसते. दिसू द्या. राखेचे नमुने छत्रपती संभाजीनगरच्या न्यायसहायक प्रयोगशाळेत जातील, हवाबंद डब्यात गेले तर. साध्या प्लास्टिकच्या पिशवीत गेले तर तेलाचा अंश वाटेतच उडून जाऊ शकतो. अहवाल यायला लागणारा काळ तुम्हाला कथानकात वापरता येतो. तेवढ्यात मुनिमाच्या मनात काय काय होईल ते लिहा.

आणि कारण सापडलं नाही म्हणून क्लेम आपोआप बुडत नाही. कर्नाटकातल्या एका कोल्ड स्टोरेजच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये हे स्पष्ट केलं: विमा घेणाऱ्यानं स्वतः आग लावली किंवा लावायला लावली नसेल, तर आग नेमकी कशानं लागली याला महत्त्व राहत नाही. म्हणजे मालकाचा हात दाखवावा लागतो, नाहीतर माल नव्हताच हे. तुमचा सर्वेअर दुसऱ्या वाटेनं जातो. लोखंडी पट्ट्यांनी बांधलेल्या गाठी जळाल्या तरी पट्ट्या उरतात. एका गाठीला किती पट्ट्या हे तो आधी मुनिमाकडून गप्पांत काढून घेतो, मग राखेतल्या मोजायला सांगतो. महावितरणची बिलं मागतो, कारण ६०० गाठी दाबायला वीज लागते. आणि मग चहा पिता पिता:

"काका, सरकी कुणाला घालता तुम्ही?"

"आहेत की दोन तेलमिलवाले. जुने."

"बिलं असतील."

"सगळी हायत. एक बी कच्चं काम नाही आपलं."

"बघू?"

मुनिमानं फाइल दिली. सर्वेअर पानं उलटत राहिला.

"सहाशे चाळीस क्विंटल."

"हाव."

"एवढीच?"

"एवढीच. आं, म्हंजे..."

"सरकी जळाली नाही ना काका? ती शेड तर शाबूत आहे."

"नाही. ती नाही जळाली."

"सहाशे गाठींची सरकी एकोणीसशे क्विंटलच्या वर पाहिजे."

बाहेर कुणीतरी गाठ फोडत होतं.

"साखर घ्या की अजून," मुनीम म्हणाला.

वहीतला पहिल्या पानावरचा हिशोब इथं तोंड वर काढतो. ६४० क्विंटल सरकी म्हणजे १,००० क्विंटल कापूस, म्हणजे २०० गाठी. मालकानं गाठी कागदावर वाढवल्या, सरकी वाढवायची राहिली, कारण बँक सरकी विचारत नव्हती. मुनीम प्रामाणिकपणे प्रत्येक बिल लावत आला आणि त्याच्या प्रामाणिकपणानंच मालक सापडला. इतका नाट्यमय क्षण तुम्हाला चाकू-पिस्तुलात मिळणार नाही, आणि तो मिळाला केवळ आकडे आधी मांडले होते म्हणून.

आठवी पायरी: बोली

मराठवाडी म्हणून एकच बोली नाही. परभणी-लातूरकडं "करायलो, जायलो", नांदेडकडं "करूलालो, जाऊलालो". देगलूर-बिलोलीत तेलुगूचा शेजार, उदगीर-उमरग्यात कानडीचा, संभाजीनगरात दखनीचा. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, म्हणून म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी कचेरीचे उर्दू शब्द अजून सापडतात. कादंबरीतलं गाव ठरलं की एकाच पट्ट्याची बोली धरा.

बोली क्रियापदात आणि वाक्याच्या चालीत ठेवा. प्रत्येक शब्द मोडून लिहिला तर वाचक अक्षरं लावत बसतो आणि आकडा हातातून निसटतो. सर्वेअर बाहेरचा, प्रमाण बोलणारा. मुनीम त्याच्याशी सांभाळून प्रमाण बोलायचा प्रयत्न करतो आणि घाबरला की बोलीवर येतो. वरच्या संवादात "हायत" कुठं आलंय ते बघा. बोली म्हणजे विनोदाचं साधन नाही. वॉचमन बोलीत बोलतो म्हणून तो भोळा ठरवू नका, या कादंबरीत सगळ्यात नेमकं तोच पाहतो.

नववी पायरी: शेवट आणि दुसरा खर्डा

मालक तुरुंगात गेला की नाही, हा शेवटाचा प्रश्न नाही. क्लेम नाकारला गेला तर बँक जिनिंगवर जप्ती आणेल आणि विक्रीतून आधी तिचे पैसे वसूल होतील. मंजूर झाला तरी पैसा बँकेतच जाईल. काट्याच्या पावत्या घेऊन उभे असलेले शेतकरी दोन्हीकडं मागं राहतात. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे की शेवटच्या प्रकरणात एका शेतकऱ्याला बोलू द्या, मुनिमाशी. मालकाशी नको, तो गाठभेट टाळणारच. मुनीम गावातलाच आहे आणि त्याला त्या पावतीवरचा आकडा पाठ आहे.

पहिला खर्डा झाला की महिनाभर बाजूला ठेवा. मग फक्त संवाद वेगळे काढून छापा, वर्णन सगळं वगळून. दोन माणसांना मोठ्यानं वाचायला सांगा, त्यातला एक मोंढ्यात काम केलेला असला तर उत्तम. तुम्ही हातात वही घेऊन बसा. जिथं वाचणारा अडखळला तिथं वाक्य बदला. जिथं तो न वाचताच पुढचं वाक्य स्वतःच्या शब्दांत बोलून गेला, तिथं तुमचं खोडून त्याचं लिहा. आणि प्रत्येक प्रसंगाच्या शेजारी त्याखालचा आकडा पेन्सिलीनं मांडत जा. ज्या प्रसंगासमोर जागा कोरी राहिली, तो कितीही आवडता असला तरी काढून टाका.